धुरीबाईंचा पट

आमच्या शाळेत बाकीचे सगळे नंबरानं हजेरी घ्यायचे. एक, दोन, तीन करत दोन मिनिटांत काम खलास. धुरीबाईंची हजेरी मात्र दहा मिनिटं चालायची. आडनाव, नाव, वडिलांचं नाव असं पूर्ण वाचायच्या, मान वर करायच्या, त्या मुलाचं तोंड शोधायच्या आणि मगच हजेरीच्या कॅटलॉगात निळी खूण करायच्या. मी नवी होते तेव्हा एकदा म्हटलं, "बाई, नंबरानं घ्या ना, वेळ वाचेल." त्या म्हणाल्या, "शेळके, नंबराला कोणीही ओ देतं. नावाला ज्याचं त्यालाच द्यावी लागते." हे वाक्य त्या ज्या खात्रीनं बोलल्या, ती खात्री पुढे त्यांच्यापाशी राहिली नाही.

शाळा मुलुंडला, पूर्वेच्या अंगाला, जिथे वस्ती संपून मिठागरं सुरू व्हायची. एका बाजूला चाळी, दुसऱ्या बाजूला मिठागरांचे बांध, त्यांच्यापलीकडे खारफुटी आणि खाडीच्या काठानं कोळ्यांची वस्ती. आठवी ब चा वर्ग टोकाला होता. दुपारी मिठागरातल्या पाण्यावरून उन्हाची तिरीप खिडकीतून आत यायची आणि छतावर हलत राहायची. मुलांना त्याची सवय होती. मला शेवटपर्यंत झाली नाही.

धुरीबाई ठेंगण्या, सावळ्या, केसांचा अंबाडा इतका घट्ट की भुवया वर ओढल्यासारख्या दिसायच्या. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. बारा महिने हातात छत्री. डब्यात तळलेला बांगडा असायचा आणि तो उघडला की स्टाफरूममधल्या दोन-तीन जणी आपापले डबे घेऊन खिडकीशी जायच्या. बाई म्हणायच्या, "जा, जा. तेवढीच मला जागा." मी घाटावरची, जुन्नरकडची, माळकरी घरातली, तरी मी तिथेच बसायचे, म्हणून त्यांचा माझ्यावर जीव होता असं मला वाटतं. वर्गात त्या शुद्ध पुस्तकी मराठी बोलायच्या. मालवणी त्यांच्या तोंडून क्वचितच निघायची, आणि निघाली की समजावं, बाई ठिकाणावर नाहीत.

त्यांना खोटं खपत नसे. एकदा कदम नावाच्या पोरानं मित्राच्या नावाला "प्रेझेंट" म्हटलं. मित्र त्या वेळी व्हिडिओवर सिनेमा बघत बसला होता. बाईंनी मारलं नाही. रागावल्या की त्यांचा आवाज वर जायचा नाही, खाली जायचा. त्या म्हणाल्या, "त्याच्या नावानं ओ दिलीस ना? मग आज तू तोच." दिवसभर त्याला मित्राच्या जागी बसवलं, मित्राच्या नावानं हाक मारली, मित्राचा राहिलेला गृहपाठ त्याच्याकडून लिहून घेतला. संध्याकाळपर्यंत पोरगं रडकुंडीला आलं. शाळा सुटताना म्हणालं, "बाई, माझं नाव घ्या ना एकदा." बाईंनी त्याचं पूर्ण नाव घेतलं तेव्हा कुठे ते घरी गेलं. आम्ही स्टाफरूममध्ये खूप हसलो होतो.

ती वर्षं शाळेला वाईट होती. गिरण्यांचा संप चिघळला तो चिघळलाच. आमच्या चाळींतले निम्मे बाप गिरणीत होते. एकेक कुटुंब ट्रंका बांधून गावाला जायला लागलं. जे राहिले त्यांच्यातल्या हातात चार पैसे असलेल्यांनी पोरांना स्टेशनजवळच्या नव्या इंग्रजी शाळेत घातलं. हायस्कूल आमचं आठवीपासून. महापालिकेच्या शाळेतून सातवी झालेली मुलं आली तर आमचा पट भरायचा. त्यामुळे मे महिन्याच्या उन्हात धुरीबाई छत्री घेऊन घरोघर फिरायच्या आणि मला बरोबर न्यायच्या.

एका चाळीत सामान बांधून झालं होतं. ट्रंकेवर सातवी पास झालेली मुलगी बसली होती. बाईंनी तिच्या आईला सांगितलं, "तुम्ही जा. हिला बहिणीकडे ठेवा. दहावी करून पाठवते." आई म्हणाली, "बाई, गावाक म्हशी कोण बघतलो?" त्या एका वाक्यासरशी धुरीबाई जिना उतरून खाली आल्या. मला त्याचं नवल वाटलं, कारण त्या कुठल्याही दारातून अशा परत फिरायच्या नाहीत.

कोळीवस्तीत मात्र त्यांनी हार मानली नाही. मासळीची टोपली पुढ्यात घेऊन बसलेली एक बाई म्हणाली, "शालेन जाऊन ही काय मामलेदार व्हनार हाय? मावरं कोन इकंल माज्यासंगं?" धुरीबाई तिच्याशेजारी खाली बसल्या, कोळंबी निवडू लागल्या आणि तासाभरानं उठल्या त्या मुलीचं नाव घेऊनच. त्यांच्या पदराला दोन दिवस वास येत होता.

एवढं करूनही त्या वर्षी आठवीचा पट भरेना. दोन तुकड्या ठेवायला जेवढी मुलं लागत, त्याहून बरोबर एक कमी. दळवीसर आमचे मुख्याध्यापक. त्यांनी मला बोलावलं आणि पंखा मोठा करून म्हणाले, "शेळकेबाई, वाट लागली. ब तुकडी गेली तर एक शिक्षक जास्त होणार. सगळ्यात शेवटी तुम्ही लागलात." जास्त झालेल्या शिक्षकानं घरी बसायचं आणि दुसरी शाळा कधी मिळते याची वाट बघायची. माझ्या नवऱ्याची गिरणी बंद होती. घरात येणारा पगार एकच, माझा. मी स्टाफरूममध्ये येऊन रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

धुरीबाईंनी माझं रडणं पाहिलं. कपाटातून आठवी ब चा कॅटलॉग काढला, पेनाचं टोपण काढलं आणि जरा वेळ भिंतीकडे बघत बसल्या. मग शेवटच्या नावाखाली, बेचाळीस नंबरला, ठळक अक्षरात लिहिलं: परब शेवंती सखाराम. ऑफिसच्या रजिस्टरातही नोंद केली. शेऱ्यात लिहिलं, दाखला मागाहून.

मी विचारलं, "ही कोण?"

"आहे एक," त्या म्हणाल्या. "आजारी असते. तपासणीला येणार नाही. तेवढं झालं की महिन्याभरानं नाव काढून टाकू." त्यांच्या कपाळावर घाम आला होता. खोटं लिहिण्याची त्यांची ती पहिलीच वेळ असावी.

तपासणीला वरच्या ऑफिसातून साहेब आले. सफारी घातलेला, चोख माणूस. त्यांनी बाईंच्या हातातून कॅटलॉग घेतला आणि हजेरी स्वतः घेतली, तीसुद्धा पूर्ण नावांनी. मी प्रयोगशाळेतून काहीतरी आणल्याचं निमित्त करून दाराशी उभी होते. एक्केचाळीस नावं झाली. साहेब म्हणाले, "परब शेवंती सखाराम."

बाईंनी 'आजारी आहे' म्हणायला तोंड उघडलं, आणि मागून, खिडकीच्या बाजूनं, हळू आवाजात ओ आली. "आसंय."

दोन-चार पोरं फिसकन हसली. साहेबही हसले. म्हणाले, "हजर म्हणायचं, बाळ." मग त्यांनी बाकांच्या मधून जात पेनानं एकेक डोकं मोजलं. फळ्याच्या कोपऱ्यात रोज लिहितात तसं त्यांनी खडूनं लिहिलं: पट बेचाळीस, हजर बेचाळीस. मी मागच्या बाकांकडे पाहिलं. मुली दाटीनं बसल्या होत्या. नवी कोणती ते मला कळेना. प्रत्येक चेहरा ओळखीचा वाटत होता.

साहेब गेले. स्टाफरूममध्ये मी बाईंच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनीच माझे खांदे धरले. त्यांचे डोळे भरले होते. "खयचा चेडू हाडलंस गो? कुठून आणलीस ही पोर?"

मी म्हटलं, "मी कुठे आणली, बाई? मला वाटलं तुम्ही आणलीत."

त्यांनी माझे खांदे सोडले. बाहेर मुलं डब्यांसाठी सुटली होती. आमचे शिपाई राऊळमामा चहा घेऊन आले तेव्हा मी त्यांना विचारलं, आसंय म्हणजे काय. ते म्हणाले, "आमच्या मालवणीत, मी आहे. हजर. का?" मी म्हटलं, काही नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात चौकशी केली. मॉनिटर वंदना म्हणाली, "येते ना, बाई, ती. लास्ट बेंचवर बसते." लास्ट बेंचवरच्या मुली म्हणाल्या, "आमच्यात नाय, बाई. पुढच्या बेंचवर." पुढच्या बेंचनं पलीकडच्या ओळीकडे बोट दाखवलं. कुणीच घाबरलेलं नव्हतं. वर्गात नवी मुलगी आली की पोरं जेवढी दखल घेतात तेवढीच त्यांनी घेतली होती. "गप्प असते, यार," एकजण म्हणाली, आणि बाईंसमोर यार म्हटल्याबद्दल जीभ चावली.

तो महिना संपला. बाईंनी लाल पेन काढलं. कॅटलॉगातलं नाव लाल शाईनं कापलं की ते मूल शाळेतून गेलं. पेन त्या नावावर ठेवलं आणि पुन्हा उचललं. मला म्हणाल्या, "ओ दिलेल्या पोरीचं नाव कापू कसं?" त्यानंतर एका खोट्या नावाची त्या अगदी खरी हजेरी ठेवू लागल्या. ओ आली त्या दिवशी निळी खूण, नाही आली त्या दिवशी लाल शून्य. हजेरीच्या वेळी ओहोटी असायची त्या दिवसांत, खाडीचा चिखल उघडा पडून वास यायचा तेव्हा, ओ बहुतेक यायची. हे माझं निरीक्षण. त्यात काही अर्थ असेलच असं नाही.

चाचणी परीक्षेला आठवी ब वर मी सुपरव्हिजन केलं. उत्तरपत्रिका वाटताना बेचाळीस वाटल्या, गोळा करताना बेचाळीस आल्या. मुलं मी दोनदा मोजली, दोन्ही वेळा एक्केचाळीस भरली. बेचाळीसावी कोणाच्या हातून घेतली ते आठवायचा मी तिथल्या तिथे प्रयत्न केला, पण आठवेना. तिच्यात एक अक्षरही नव्हतं. नुसत्या रेघा मारल्या होत्या, पाटीवर पहिल्यांदा पेन्सिल धरलेलं मूल मारतं तशा. मी शून्य दिला. हिंदीचे सर म्हणाले, "ही परब कोण हो, बाई? काहीच येत नाही तिला." धुरीबाई म्हणाल्या, "शिकेल." दुसरं काय म्हणणार होत्या?

पण ती शिकली. सहामाहीला उत्तरपत्रिकेवर तिचं नाव होतं, वाकडंतिकडं, शेवंतीतली वेलांटी चुकलेली. माझ्या विषयात तिला सात गुण मिळाले. ते मी उदारपणे दिले नव्हते, तिनं बेडकाचं चित्र बरोबर काढलं होतं. दिवाळीनंतर धुरीबाई शाळा सुटल्यावरही वर्गात थांबू लागल्या. मी बाहेरून जाताना त्यांचा आवाज ऐकू यायचा. बाराखडी, मग वाचन, मग व्याकरण. प्रश्न विचारायच्या, थांबायच्या, आणि "बरोबर" म्हणायच्या. मधल्या शांततेत मला कधी काही ऐकू आलं नाही. मी दारात थांबतही नव्हते फारशी.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही पाण्याच्या टाकीजवळ बसलो होतो. लख्ख ऊन होतं. मी काही विचारलं नव्हतं. त्या आपणहून म्हणाल्या, "शेवंती माझी बहीण. माझ्याहून दीड वर्षांनी लहान."

मग सगळं सांगितलं. मालवणाकडचं गाव. शाळा दोन गावं सोडून. घरातल्या दोघींपैकी एकीनं शिकावं आणि एकीनं म्हशी राखाव्यात असं आजोबांनी ठरवलं. बाई मोठ्या, म्हणून त्या शाळेत गेल्या. शेवंती रोज त्यांना व्हाळापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत, सोडायला यायची आणि संध्याकाळी तिथेच वाट बघत बसायची. बाई पलीकडून हाक मारायच्या आणि ती अलीकडून ओरडायची, हयसर आसंय, इथे आहे मी. रात्री बाईंच्या पुस्तकातली चित्रं बघायची. तेराव्या वर्षी तापानं गेली. परब हे आईच्या माहेरचं आडनाव, सखाराम वडिलांचं नाव.

"खोटं नाव लिहायला बसले," बाई म्हणाल्या, "आणि माका दुसरा नाव सुचलाच नाय. एवढी पोरं शिकवली, हजारो नावं वाचली, एकही आठवेना. हात आपोआप गेला." मग जरा थांबून, "मी तिला शाळेत घातली गो. चुकून का होईना, घातली."

मला भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त मला बाईंचा हेवा वाटला, कारण त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मी मास्तरकीत कधी अनुभवलं नव्हतं. त्या वर्षी त्यांनी चष्म्याची काडी बदलून घेतली. वर्गात गाणं म्हणू लागल्या. दळवीसर म्हणाले, "धुरीबाईंना रिटायरमेंट जवळ आली तशी तरतरी आलीय."

वार्षिक परीक्षा झाली. बेचाळीस नंबरचा पेपर मी सगळ्यात शेवटी तपासला. अक्षर गोल, सावकाश काढलेलं. पाण्याच्या तीन अवस्था तिनं बरोबर लिहिल्या होत्या आणि बाष्पीभवनाला उदाहरण मिठागराचं दिलं होतं. वर्गातल्या दुसऱ्या कोणालाही, मिठागराच्या काठावर राहून, ते सुचलं नव्हतं. अडतीस गुण झाले. पास व्हायला पस्तीस लागत.

निकालपत्रक धुरीबाईंकडे. सगळ्या विषयांत ती पास होती. बाईंनी बेरीज तीनदा केली. एप्रिलची दुपार होती, वीज गेलेली, स्टाफरूममध्ये आम्ही दोघीच. तेवढ्यात दळवीसर जूनचा अंदाज घेऊन आले. महापालिकेच्या शाळेतून येणारी मुलं, आमच्याकडे आठवीतच राहणारी मुलं, दोन्ही धरून आठवीचा पट पुन्हा एकानं कमी येत होता. "एक पोर कुठून तरी बघा," असं म्हणून ते गेले. ते माझ्याकडे बघत नव्हते.

बाईंचं बोट निकालपत्रकाच्या शेवटच्या ओळीवर होतं. दुसरं खोटं नाव बाई लिहिणार नव्हत्या. ती नववीत गेली तर आठवी ब गेली, आणि मी गेले. आठवीत राहिली तर तुकडी राहिली. बाईंनी मला विचारलं, "काय करू गो?"

मी काय म्हणायला हवं होतं ते मला तेव्हाही माहीत होतं. मी म्हटलं, "राहू दे ना, बाई, आणखी एक वर्ष आठवीत. तिचं काय बिघडतंय?"

बाईंनी निकालपत्रकावरचं बोट उचललं. त्यांचा आवाज खाली गेला. "आजोबाही हेच म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "तिचं काय बिघडतंय."

दुसऱ्याच्या विषयाच्या गुणांना बाई हात लावत नसत. त्यांनी पत्रक माझ्याकडे सरकवलं आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांनी मला थांबवलं नाही, तसं करायला सांगितलंही नाही. मी अडतीसच्या तीनचा दोन केला. मराठी आकड्यात ते सोपं असतं, खालचा वळसा तेवढा खोडायचा. अठ्ठावीस. मग बाईंनी प्रगतिपुस्तकावर लिहिलं, अनुत्तीर्ण, आणि सही केली.

निकालाच्या दिवशी बाईंनी नावं वाचून प्रगतिपुस्तकं वाटली. शेवटचं नाव वाचलं. वर्गात आईबाप उभे होते, पोरं होती, गलका होता. ओ आली नाही. बाईंनी पुन्हा वाचलं. मग ते पुस्तक त्यांनी पर्समध्ये ठेवलं.

जूनमध्ये आठवी ब भरली. माझी नोकरी राहिली. कॅटलॉगात या वेळी परब शेवंती सखाराम पहिल्या नंबरला आली, कारण त्याच वर्गात राहिलेल्यांची नावं आधी लिहितात. त्यामुळे बाईंची हजेरी तिच्यापासूनच सुरू व्हायची आणि तिथेच अडकायची. त्या नाव घ्यायच्या, मान वर करायच्या, चेहरा शोधायच्या. वर्ग गप्प. एक मिनिट, दोन मिनिटं. मुलं एकमेकांकडे बघायची. मग लाल शून्य. वर्षभर तिच्या नावापुढे दुसरी खूण पडली नाही. नववीत गेलेल्या वंदनाला मी विचारलं, गेल्या वर्षी तुमच्या वर्गात परब नावाची मुलगी होती ना? ती बराच विचार करून म्हणाली, "नाय बा, बाई. कोण परब?"

बाई खंगल्या. बांगडा आणणं बंद झालं. शाळा सुटली की छत्री घेऊन मिठागराच्या बांधावरून कोळीवस्तीपर्यंत जाऊन यायच्या. कोणी विचारलं तर सांगायच्या, "आमची एक मुलगी गळलीय. शोधतेय." शाळा मध्येच सोडणाऱ्या मुलांना आम्ही गळलेली म्हणतो, त्यामुळे कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. माझ्याशी त्या पूर्वीसारख्याच बोलत. मला एका शब्दानं टोचलं नाही. तेच मला सहन होत नसे. त्या एकदा तरी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या एप्रिलात त्या निवृत्त झाल्या. निरोपसमारंभ दुपारी तीनला, शाल, नारळ, दळवीसरांचं लांबलचक भाषण. चहा सुरू झाला तेव्हा बाई दिसेनात. राऊळमामांनी डोळ्यांनीच टोकाच्या वर्गाकडे दाखवलं. ते माझ्याबरोबर आले नाहीत.

आठवी ब रिकामी होती. छतावर ती तिरीप हलत होती. धुरीबाई खिडकीच्या बाजूच्या मागच्या बाकासमोर उभ्या होत्या, अंगावर शाल तशीच. त्यांच्या हातात ते प्रगतिपुस्तक होतं. मी जवळ गेले तेव्हा दिसलं, की अनुत्तीर्णमधलं 'अनु' त्यांनी लाल शाईनं खोडून वर 'उ' लिहिला होता, शेजारी सही केली होती आणि तारीख घातली होती, नियमाप्रमाणे. पुस्तक त्यांनी बाकावर पुढे धरलं होतं. किती वेळ तसं धरलं होतं कोण जाणे.

मी म्हटलं, "बाई, चला. सगळे थांबलेत."

त्यांनी मान वळवली नाही. हलक्या आवाजात म्हणाल्या, "घेवचंय नाय म्हणता."

मला समजलं नाही असं त्यांना वाटलं असावं, म्हणून मराठीत म्हणाल्या, "घेत नाहीये माझ्या हातून. सही बघितली, खाडाखोड बघितली. म्हणते, विज्ञानाचे गुण ज्यांनी बदलले त्यांनी द्यावं." आणि त्यांनी ते प्रगतिपुस्तक माझ्यापुढे केलं. "तू दी, शेळके. एकदा दे. मग मी जाते."

मी रिकाम्या बाकाकडे पाहिलं. बाकावर धूळ होती आणि मधोमध, एक मूल बसेल तेवढ्या जागेवर, धूळ नव्हती. मला फक्त हात पुढे करायचा होता. माझे दोन्ही हात पदरात गुंडाळलेले होते, ते मी बाहेर काढले नाहीत. मी म्हटलं, "बाई, चहा गार होतोय," आणि मागे न बघता वर्गाबाहेर आले.

धुरीबाई पुन्हा हॉलमध्ये आल्या नाहीत. मागच्या दारानं निघून गेल्या असं राऊळमामा म्हणाले. नंतर त्या गावाला गेल्याचं कळलं. मी त्या शाळेत पुढे एकवीस वर्षं नोकरी केली, आणि आठवी ब वर तास कधीच घेतला नाही.